साठ मिनिटांची कॅसेट

जळकोटच्या दूध सोसायटीत मच्छिंद्र रणदिवे टेस्टर होता. टेस्टर म्हणजे दुधातली फॅट मोजणारा. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, त्यात तेजाब सोडायचं, नळ्या लोखंडी चक्रात बसवून हातानं गरागरा फिरवायच्या आणि वर आलेली पिवळी रेघ डोळ्यांसमोर धरून वाचायची. पंचाहत्तर साली सोसायटी निघाली तेव्हा ही नोकरी घ्यायला गावात कोणी पुढं येईना, कारण तेजाबाचा थेंब हातावर पडला की कातडी जाते. तेव्हा चेअरमन गुरुसिद्धप्पांना एकाएकी बौद्धवाड्यातला मॅट्रिक झालेला पोरगा आठवला. ज्या घरांना त्या वाड्यातलं पाणी चालत नव्हतं, त्या घरांचं दूध मच्छिंद्रच्या हातून तपासून सोलापूरला जाऊ लागलं. कोणाचं काही बाटल्याचं ऐकिवात नाही.

मच्छिंद्र बोलायला महाकंजूष. "बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत," असं त्याचा बाप श्रीपती त्याला जन्मभर ऐकवत राहिला आणि ऐकवता ऐकवताच गेला. पोरगा ऐकायचा मात्र कान टवकारून. माणसांचं नव्हे, यंत्रांचं.

याची सुरुवात बहात्तरच्या दुष्काळात झाली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. शिवारात पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि अवघं गाव तिथं खडी फोडत होतं. मुकादमाचा ट्रान्झिस्टर बाभळीला टांगलेला असे. दुपारी सुकडी वाटून झाली की लोक सावली गाठायचे आणि मच्छिंद्र ती बाभळ गाठायचा. बाभळीची सावली ती केवढी, पण त्याला सावलीशी कर्तव्यच नव्हतं. एके दिवशी सेल उतरले आणि गाणं रडू लागलं. मुकादम सेल भिरकावून देणार, तोच मच्छिंद्रनं ते मागून घेतले, तापलेल्या खडीवर तासभर ठेवले आणि परत घातले. ट्रान्झिस्टर आणखी अर्धा तास गायला. त्या साली दुसरं काही नसलं तरी उन्हाला तोटा नव्हता. मुकादमानं सगळ्यांदेखत शाबासकी दिली आणि आपल्यालाही काहीतरी येतं, असं मच्छिंद्रला पहिल्यांदा वाटलं.

सोसायटीचा पगार सुरू झाल्यावर हे वेड फोफावलं. आधी कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर आला. मग पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर, ज्याच्या झाकणातच स्पीकर होता. ते झाकण चार महिन्यांत त्याच्या मनातून उतरलं. "ह्यातनं गानं भाईर येत न्हाय, नाकातनं येतं," असं तो म्हणायचा, आणि त्याच्या मानानं हे भाषणच होतं. मग त्यानं स्वतःच अ‍ॅम्प्लिफायर जुळवायला घेतला. नळदुर्गच्या ढाब्यावर हैदराबादचे ट्रक थांबत. ड्रायव्हरांकडे तो सुट्या भागांची यादी लिहून द्यायचा आणि पंधरा दिवसांनी पुडी यायची. तेवढ्या पुडीसाठी तो हमरस्त्यानं सायकल हाणत जायचा आणि यायचा. चौदा एप्रिलच्या मांडवात त्याचाच अ‍ॅम्प्लिफायर लागे. त्या एका दिवशी वाडा त्याच्या पाठीवर थाप मारी आणि उरलेले दिवस त्याला 'मशीन' म्हणे.

सत्याहत्तर साली त्याचं लग्न झालं. मुलगी बोरी नदीच्या पलीकडच्या चिंचोलीची, नाव जाईबाई. देवानं म्हणा, नाहीतर सोयरिक जमवणाऱ्यानं म्हणा, जोडा भारी लावला होता. हा मुक्याचा भाऊ आणि ती सकाळी चूल पेटवताना बोलायला लागली की संध्याकाळी चूल विझवेपर्यंत तिचं संपत नसे. आडावर कोण काय म्हणालं, कोणाच्या म्हशीनं लाथ मारली, कोणाची सून कशी चालते, सगळं ती नकलांसकट सांगायची. मच्छिंद्र हातातल्या तारेला डाग देत "हं" म्हणायचा. बरं, कान त्याचे एवढे तिखट की रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकचा कोणता पाटा सैल झालाय ते तो घरात बसून सांगायचा. ताटावर बसून बायको काय म्हणाली, हे मात्र त्याला हात धुईपर्यंत आठवत नसे.

ऐंशी साली कॅसेटचं मशीन आलं. नुसतं वाजवणारं नव्हे, आवाज भरून घेणारंही. पहिल्याच दिवशी त्यानं माइक जाईबाईपुढं धरला. "बोल काहीतरी." दिवसभर नळासारखी वाहणारी बाई पदर तोंडावर घेऊन भिंतीकडं वळली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बया, मी न्हाय! त्या डबड्यात मी कशाला बोलू? तुमी समोर हायसा की." त्यानं निरुपायानं बाहेर जाऊन वाड्यातल्या कोंबड्यांचा आवाज भरून घेतला. कॅसेटवर लेबल चिकटवून 'कोंबड्या, सकाळ' असं लिहिलं. त्या माणसाला तेव्हा जरा जरी उमज असती, तर ती पाठमोरी हसत होती तेवढंच त्यानं भरून ठेवलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात वाड्याची विहीर आटली. पाणी कोसभरावरच्या बोअरवरून आणायचं. जाईबाईच्या सहा खेपा झाल्या की रांजण भरे. हा रांजण तिनं माहेराहून आणला होता, बैलगाडीत खाली कडबा अंथरून. गारेगार पाणी ठेवायचा आणि वाड्यात तसा दुसऱ्या कोणाकडं नव्हता.

इकडं मच्छिंद्रला कोणा ड्रायव्हरनं सांगितलं होतं की स्पीकर लाकडी पेटीपेक्षा मातीच्या भांड्यावर बसवला तर खर्ज खोल येतो. त्यानं आईच्या मागं राहिलेला एक तडकलेला रांजण घेतला, तोंडावर स्पीकर बसवला, आणि खरंच खर्ज असा आला की खुंटीवरचा कंदील थरथरला. पण स्टिरिओला स्पीकर दोन लागतात. एका सकाळी जाईबाई पहिल्या खेपेला गेली होती. तिचा रांजण रिकामा होता. मच्छिंद्रनं तो आडवा केला आणि तारेसाठी बुडाशी बोटभर भोक पाडलं.

ती आली तेव्हा रांजण तिवईवरून उठून कोपऱ्यात गेला होता आणि गात होता.

"हे काय केलं वो?" घागर कमरेवर तशीच धरून ती म्हणाली.

"थांब, थांब. खर्ज ऐक कसा येतोय."

"अवो, पानी कशात वतू मी?"

"एवढं गाणं संपू दे. मग बघू."

ती थांबली. गाणं संपेपर्यंत भरली घागर घेऊन उभी राहिली. तो डोळे मिटून बसला होता, त्यामुळं त्यानं तिच्याकडं पाहिलंच नाही. गाणं संपलं तेव्हा तिनं अख्खी घागर उंबऱ्यावर ओतून दिली. त्या उन्हाळ्यात वाड्यात कोणी तांब्याभर पाणीही सांडत नव्हतं. पाणी अंगणातून रस्त्यापर्यंत गेलं आणि बायका दारात येऊन बघत राहिल्या. जाईबाईनं लुगडी पिशवीत भरली आणि ती दुपारच्या एस्टीनं चिंचोलीला गेली.

चार दिवसांनी येईल, असं मच्छिंद्र म्हणाला. चार दिवसांचा महिना झाला, महिन्याचे चार झाले. वाड्यातली म्हातारी माणसं म्हणाली, "आरं जा आन् घेऊन ये." पण तिथं जायचं म्हणजे सासरवाडीच्या ओट्यावर चार माणसांत बसायचं आणि बोलायचं. मच्छिंद्रला त्यापेक्षा तेजाब प्यायला सोपं वाटलं असतं. आणि खोटं का बोला, थोडी अकडही होती. आपल्या पायांनी गेली, आपल्या पायांनी येईल. पण रात्री भाकरी भाजताना हाताला चटका बसला की तो "जाई" म्हणून जायचा आणि मग घरात कोणी नाही हे त्याला नव्यानं कळायचं. चार महिन्यांत ते काही जुनं झालं नाही.

पत्र लिहावं तर तिला वाचता येत नव्हतं. ते तिचा भाऊ व्यंकट वाचणार, म्हणजे ओट्यावर बसून बोलण्यासारखंच झालं. तेव्हा त्याला कल्पना सुचली की कॅसेट भरून पाठवावी. साठ मिनिटांची कोरी कॅसेट त्यानं काढली. एका बाजूला तीस मिनिटं, दुसऱ्या बाजूला तीस. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या, दार लावलं, माइक पाटावर ठेवला आणि समोर बसला.

पहिल्यांदा त्याच्या तोंडून एकदम निघालं, "जाई, मला घर खायला उठतंय. तू ये. मी चुकलो. तू ये." एवढं बोलता बोलता त्याचा आवाज चढला आणि मशीनवरचा काटा लाल पट्ट्यात जाऊन आपटला. त्यानं ऐकून पाहिलं. आवाज फाटला होता. असला फाटका आवाज त्यानं दुसऱ्या कोणाच्या कॅसेटवर ऐकून घेतला नसता, मग स्वतःचा कसा पाठवील? त्यानं ते पुसलं. दुसऱ्या वेळी मध्येच ट्रकचा भोंगा आला. तेही पुसलं. तिसऱ्यांदा मात्र काटा शेवटपर्यंत जागेवर राहिला. अकरा मिनिटं. त्यात त्यानं नवीन मशीन कसं चालतं ते सांगितलं, सोसायटीचं दूध किती लिटरवर गेलं ते सांगितलं, शेजारची म्हैस व्याल्याचं सांगितलं. बंद केल्यावर त्याच्या लक्षात आलं की 'ये' म्हणायचं राहूनच गेलं. पण आवाज इतका स्वच्छ उतरला होता की पुन्हा हात लावायला त्याचं मन होईना. एवढं केलंय म्हटल्यावर समजेल तिला, असं त्यानं ठरवलं. कपाळ त्याचं!

कॅसेट त्यानं दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर गुंडाप्पा याच्याजवळ दिली. गाडी रोज सकाळी चिंचोलीवरून जायची. ती तिथं वाजणार कशावर, हा प्रश्न मच्छिंद्रसारख्या माणसाला पडायला हवा होता. पण ज्याच्या घरात तीन यंत्रं आहेत, त्याला बिनयंत्राचं घर डोळ्यांपुढं येत नाही.

दुसऱ्या दिवशी गुंडाप्पा कॅन उतरवता उतरवता पोट धरून हसायला लागला.

"मच्छिंद्रराव, तुमचं दूध किती लिटर झालं ते आता आख्ख्या चिंचोलीला पाठ हाय."

"म्हंजे?"

"अवो, त्या गावात कॅसेटचं मशीन एकच. लग्नातल्या लाउडस्पीकरवाल्या शांतलिंगचं. आन् त्याच्या मशीनला त्याचा असा स्पीकर न्हाय, देवळावरच्या कर्ण्यालाच वायर जोडलेली. त्यानं लावलं आन् तुमी देवळावरनं बोलायला लागला की! मी गाडी भरत हुतो. आंघोळीची मान्सं तशीच भाईर आली. म्हैस व्याली म्हनला तवा टाळ्या पडल्या."

मच्छिंद्र पांढराफटक पडला. "आन् ती?"

"त्ये काय म्या बघितलं न्हाय. मला गाडी काढायची हुती."

तिसऱ्या दिवशी सकाळी व्यंकट आला. सोसायटीपुढं दूधवाल्यांची रांग होती. त्या रांगेतून पुढं घुसून त्यानं कॅसेट टेबलावर आपटली. गावभर झालेल्या हशानं त्याचं तोंड अजून लाल होतं. "घ्या तुमचं, दाजी," एवढंच म्हणाला, चहासुद्धा न घेता वळला आणि गेला.

मच्छिंद्रनं त्या दिवशी नळ्या कशाबशा फिरवल्या. घरी येऊन दार लावलं आणि कॅसेट लावली. त्याचाच आवाज आला. मशीन, दूध, म्हैस. अकरा मिनिटं संपली. पुढं कोरी पट्टी होती. तीही तो ऐकत बसला. एकोणीस मिनिटं नुसती खरखर ऐकली, मध्येच कुठं एखादा शब्द असेल म्हणून. पट्टी संपली, बटण खट्‌कन वर आलं.

आमच्याकडं शेजारणीनं वाटीतून कालवण धाडलं, तर ती वाटी रिकामी परत देत नाहीत. घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर, दोन दाणे ज्वारी, काहीतरी घालूनच देतात. दुष्काळातसुद्धा हे कोणी मोडलं नव्हतं. भरून आलेलं भांडं रिकामं परत गेलं, तर समजायचं की त्या घरानं आपल्याशी येणंजाणं तोडलं. मच्छिंद्रनं ते तसंच समजून घेतलं. कॅसेट त्यानं ट्रंकेत तळाला टाकली आणि त्यावर तारांची भेंडोळी टाकली. ज्या बाईनं माइकपुढं पाठ फिरवली होती, ती दुसऱ्याच्या दुकानात जाऊन माइकपुढं बोलेल, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही. जळकोटातल्या निम्म्या लोकांना कॅसेट उलटी करायला त्यानंच शिकवलं होतं, आणि ही एक कॅसेट त्यानं उलटी करून पाहिली नाही.

मग वर्षं गेली. कशी गेली याचा हिशोब त्याच्या घरात मांडून ठेवलेला होता. ब्याऐंशीत कानाला लावायचे हेडफोन आले. चौऱ्याऐंशीत दोन कॅसेटींचं मशीन आलं, एकीवरून दुसरीवर उतरवून घेणारं. पंच्याऐंशीत आवाजाचे सूर वरखाली करायची पाच दांड्यांची पेटी आली. दोन रांजण दोन कोपऱ्यांत आणि बरोबर मध्ये एक लाकडी खुर्ची. स्टिरिओची गंमत अशी की तो नीट ऐकू येणारी जागा खोलीत एकच असते. वीतभर डावीकडं सरकलं तरी गाणारा एका अंगाला झुकतो. मच्छिंद्रनं जमिनीवर खडूनं खुर्चीच्या पायांच्या खुणा केल्या होत्या. सुरुवातीला वाड्यातले लोक ऐकायला यायचे, पण कोणाला कुठं बसवायचं हा प्रश्न पडायचा आणि ते बोलायला लागले की मच्छिंद्रच्या कपाळाला आठी पडायची. हळूहळू सगळे यायचे थांबले. संध्याकाळी तो त्या खुर्चीवर बसायचा. समोर हवेत एखादी बाई गात असायची, अगदी हात लावावा इतक्या जवळ. गाणं संपलं की तिथं भिंत असायची.

चिंचोलीची बातमी गुंडाप्पाकडून कळायची. व्यंकटची बायको गजराबाई बाळंतपणात गेली. मागं तीन लेकरं राहिली, त्यांचं सगळं जाईबाईच करते. मच्छिंद्र "हं" म्हणायचा. रमली तिकडं, बरं झालं, असं मनाशी म्हणायचा आणि त्या दिवशी आवाज जरा मोठा लावायचा.

मग पुन्हा दुष्काळ पडला. शहाऐंशीचा पाऊस गेला आणि सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात लोकांनी जनावरं मिळेल त्या भावानं विकली. चारशे लिटरची सोसायटी चाळीसवर आली. मच्छिंद्रचं काम सकाळी आठलाच संपायचं. पुढचा सगळा दिवस त्याच्या अंगावर यायचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वाड्यातली माणसं आली. जयंतीला मांडवात लावायची गाणी एका कॅसेटवर उतरवून हवी होती. कोरी कॅसेट नळदुर्गातही मिळेना, म्हणून मच्छिंद्रनं ट्रंक उपसली. तारांच्या भेंडोळ्याखाली ती निघाली. लेबलवर त्याच्याच अक्षरात 'जाई' होतं. बघू नये म्हणून त्यानं आधी ती बाजूला ठेवली, मग उचलली. आता पुसून टाकावी, असं ठरवलं. पण पुसण्याआधी कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकून बघायची, हा त्याचा शिरस्ता होता. स्वतःची अकरा मिनिटं पुन्हा ऐकायचा धीर त्याला नव्हता, म्हणून त्यानं दुसरी बाजू लावली.

आधी कर्ण्याची किंकाळी आली. मग कुठंतरी कोंबडा आरवला. मग भर दुपारी त्याच्या घरात जाईबाई बोलली.

"बोलू का? सुरू हाय व्हय? शांतलिंगअण्णा, तो कर्णा बंद केलाय न्हवं? मग तुमी जरा भाईर ऱ्हावा." दार ओढल्याचा आवाज. "जय भीम. मी जाई बोलते. तुमचा आवाज लई साफ आला. समद्या गावानं ऐकला. म्या व्हट चावून हुबी हुते. दादाला राग आलाय, पर त्यो जाईल. तुमी मशीनचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, म्हशीचं बी सांगितलं. ये म्हनला न्हाय. मी शेवटपतुर वाट बघितली." इथं बराच वेळ नुसता कोंबडा. "रांजणाचं मनाला लावून घेऊ नका. मी रांजणासाठनं आले न्हाय. मी बोलते तवा तुमी माझ्याकडं बघत न्हाय, म्हनून आले. हितं बी कोन बघत न्हाय, पर हितं मला त्याचं वाईट वाटत न्हाय. मी येत्या बाजाराला नळदुर्गला येते. ष्टँडावर, रसाच्या दुकानापाशी हुबी ऱ्हाते. तुमी या. बोलू नका काय, तुमाला जमत न्हाय त्ये मला ठावं हाय. नुसतं म्होरं येऊन हुबं ऱ्हावा, मी पिशवी घेऊन मागनं येते. दुपारच्या एस्टीपतुर थांबते. त्या बाजाराला न्हाय जमलं तर म्होरच्या. आन् भाकरी करताना काठवट भिंतीला टेकवून धरा, म्हंजे हलत न्हाय. झालं. अण्णा, हे बंद कसं करायचं वो?"

मच्छिंद्र खुर्चीवर नव्हता. तो ट्रंकेपाशी जमिनीवर बसला होता, आणि तिथंच बसून राहिला. त्यानं ती बाजू पुन्हा ऐकली, मग पुन्हा ऐकली. आवाज फाटका होता, मध्ये वीज कमीजास्त झाली होती, मागं मशीन गुरगुरत होतं. मच्छिंद्रनं एकही दांडी खालीवर केली नाही. बाप मेला तेव्हा रडला नव्हता तेवढा तो त्या दिवशी रडला.

सकाळी दूध तपासून तो चिंचोलीला गेला. सोबत काही नेलं नाही. गावाबाहेर टँकर यायच्या जागी घागरी-हंड्यांची लांबच लांब ओळ लागली होती आणि बायका लिंबाखाली बसल्या होत्या. जाईबाई त्यांत होती. केस कपाळावर पिकले होते. तिनं त्याला बघितलं आणि ती उठून उभी राहिली. बाकीच्या वळून बघू लागल्या.

"मी काल ऐकलं," मच्छिंद्र म्हणाला.

"काय?"

"कॅसेट. तुझी. दुसऱ्या बाजूला होतं. मी ती बाजू लावलीच नव्हती गं. मला वाटलं, तू रिकामीच धाडली."

जाईबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. समजायला तिला वेळ लागला. "म्हंजे तुमी ऐकून बी घरीच ऱ्हायला, असं न्हवतं?"

"न्हाय."

"मी तीन बाजार हुबी हुते. रसवाला म्हनाला, बाई, दर बाजाराला कोनाची वाट बघता? रिकामी धाडीन का वो मी? कुनाची वाटी तरी रिकामी धाडली का कवा?"

"कवाच न्हाय," तो म्हणाला.

"मग मी सा वर्सं उगंच तुमाला शिव्या दिल्या म्हना की," ती म्हणाली, आणि हसायला गेली ते तिला जमलं नाही. पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "काय बोलले हुते मी? मला आता काय बी आठवत न्हाय."

मच्छिंद्रनं सांगितलं. तिथंच उभं राहून, सगळ्या बायकांसमोर, पहिल्या 'बोलू का'पासून शब्दन्‌शब्द सांगितलं. कोंबडा कुठं आरवला तेसुद्धा सोडलं नाही. आयुष्यात तो इतकं कधी बोलला नव्हता. जाईबाई खाली बघून ऐकत होती. काठवटीचं आलं तेव्हा तिनं मान हलवली.

"लई बोलत हुते की मी तवा," ती हळूच म्हणाली.

टँकर आला आणि एकच झुंबड उडाली. मच्छिंद्रनं तिच्या दोन घागरी भरून घेतल्या, एक खांद्यावर, एक हातात, आणि तिच्या मागून घरापर्यंत आला. दारात व्यंकटची धाकटी मुलगी शेंबूड पुसत उभी होती. ती धावत येऊन जाईबाईच्या पायांना बिलगली आणि या परक्या माणसाकडं बघत "आई, कोण हाय?" म्हणाली. जाईबाईनं तिला उचलून कडेवर घेतलं. मच्छिंद्रनं घागरी उतरवल्या. आत आणखी दोन मुलं ताटं घेऊन बसलेली त्याला दिसली. वाटेत त्यानं मनात घोळवलेला तो एक शब्द, कॅसेटीत राहून गेलेला 'ये', त्याच्या ओठांपर्यंत आला होता. तो शब्द कोणाला म्हणायचा आणि या तिघांचं काय करायचं, हे त्याला कळेना. तिनंही त्या शब्दाची वाट पाहिली नाही.

तिनं तांब्या भरून दिला. तो पाणी प्याला. "भाकरी खाऊन जावा," ती म्हणाली. त्यानं भाकरी खाल्ली. दुपारची एस्टी गाठायची म्हणून तो उठला. तिनं दारापर्यंत येऊन पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"येत जावा अधनंमधनं," जाईबाई म्हणाली. निघालेल्या पाहुण्याला म्हणतात, तेच.

"हो," मच्छिंद्र म्हणाला, आणि चपला घालून ष्टँडाकडं चालू लागला.